शुक्रवारची बेल

आमच्या बायकांच्या क्रिकेट टीममध्ये शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या दाराची बेल वाजली की ती हातातलं काम खाली ठेवते. दार उघडायच्या आधीच तिला कळलेलं असतं की बाहेर सायकल धरून मी उभी असणार आणि रविवारच्या मॅचमध्ये ती नसणार. आइंडहोवन या डच शहराच्या आसपास राहणाऱ्या आम्हा बायकांच्या घरांत ही बेल आता इतकी ओळखीची झाली आहे की पोरंसुद्धा आतून ओरडतात, "ममा, यू आर ड्रॉप्ड!" माझ्या घराची बेल मात्र शुक्रवारी कधी वाजत नाही. मीच कॅप्टन, मला वगळायला येणार कोण? ही पद्धत मी काढलेली नाही. ती डेनिसकाकांची.

डेनिस थॅकवेल हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. क्रिकेटचं वेड असलेल्या माझ्या नवऱ्यानं, प्रसादनंही ऐकलं नव्हतं, आणि प्रसादनं ऐकलं नाही म्हणजे ते नाव फार मोठं नव्हतंच. पण ऐन उमेदीत हा माणूस उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या एका काउंटीकडून क्रिकेट खेळायचा, पुढे तिचा कॅप्टन झाला, आणि हिवाळ्यात दुसऱ्या डिव्हिजनमधल्या एका क्लबाकडून पगारी फुटबॉल खेळायचा. एप्रिलमध्ये चिखलानं माखलेले बूट काढायचे आणि पांढरे चढवायचे, सप्टेंबरात उलटं. मधे सुट्टी नाही. मी हे पुण्यातल्या सासऱ्यांना फोनवर सांगितलं तेव्हा ते ठामपणे म्हणाले, "अगं, दोन भाऊ असतील. तुझी गल्लत होतेय." मी ते काकांना सांगितल्यावर ते भलतेच खूश झाले. त्यानंतर कुणी फुटबॉलचा विषय काढला की ते गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, तो माझा भाऊ, पुण्यात त्याला ओळखतात.

इंग्लंड सोडून ते आइंडहोवनजवळच्या न्यूनेन गावी आले ते त्यांच्या बायकोमुळे, रीटकाकूंमुळे. काकू इथल्याच, ब्राबांट प्रांतातल्या. तरुणपणी नर्स म्हणून इंग्लंडला गेल्या होत्या. फुटबॉलमध्ये काकांचा गुडघा मोडला आणि त्यांना ज्या वॉर्डात ठेवलं तिथे काकू होत्या. फुटबॉलनं गुडघा नेला, बायको दिली, फिट्टंफाट, असं काका म्हणत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. सहा फुटांच्या वर उंची, एका बाजूला किंचित कललेली चाल, आणि दोनदा मोडून दोन्ही वेळा चुकीचं बसलेलं नाक. एकदा हेडिंग करताना मोडलं, एकदा स्लिपमध्ये. कुठला बाक कुठल्या खेळाचा ते बोटानं दाखवत.

डच लोक लहानथोर सगळ्यांना नावानंच हाक मारतात, पण आजोबांच्या वयाच्या माणसाला नुसतं 'डेनिस' म्हणायला आमची जीभ वळेना. म्हणून डेनिसकाका. पोरं त्यांना इथल्या पद्धतीनं 'ओपा' म्हणायची. त्यांचं बोलणं सगळं इंग्रजीत, तेही उत्तर इंग्लंडमधल्या गिरणीच्या गावातलं, अर्धे शब्द गिळून टाकलेलं. पण माझ्या डोक्यात ते केव्हाच मराठीत उतरलं आहे, म्हणून इथेही तसंच लिहिते.

मी इथे आले ती प्रसादच्या व्हिसाला जोडून. कागदोपत्री मी त्याची पार्टनर, शेजाऱ्यांसाठी त्याची बायको, आणि मैदानावर तर त्याची पाण्याची बाटली सांभाळणारी. रविवारी तो क्लबात खेळायचा आणि मी बाकावर बसून रेवाला, आमच्या मुलीला, वाऱ्यापासून झाकत बसायची. एका रविवारी चेंडू सीमेपार येऊन माझ्या पायाशी थांबला. मी उठून तो फेकला. कॉलेजात मी सॉफ्टबॉल खेळले होते, अगदी विद्यापीठाच्या टीमपर्यंत, आणि हात अजून विसरलेला नव्हता. चेंडू कुठेही टप्पा न घेता सरळ विकेटकीपरच्या ग्लोव्ह्जमध्ये गेला. अंपायरचा पांढरा कोट घातलेला एक उंच म्हातारा कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

ओव्हर संपल्यावर तो सीमेपर्यंत चालत आला आणि त्यानं नाव विचारलं. मी सवयीनं म्हटलं, मी प्रसादची वाइफ. "ते मी विचारलेलं नाही," तो म्हणाला. मग मी वृंदा म्हणून सांगितलं. "तुझी फेक वाईट नाही, वृंदा," एवढं बोलून तो आपल्या जागी परत गेला. मला जरा रागच आला. वाईट नाही म्हणजे काय? पुढे कळलं की 'वाईट नाही' ही त्यांच्याकडची सर्वांत मोठी पदवी. तिच्या वर काही नव्हतंच. काउंटीचा संघ अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत गेला त्या मोसमाबद्दलही ते तेवढंच म्हणत.

पुढच्या मोसमात त्यांनी क्लबात बायकांची टीम उभी केली. आम्ही बऱ्याच जणी नवऱ्यांच्या पाठोपाठ आलेल्या. कुणाची डिग्री इथे चालत नव्हती, कुणाची नोकरी तिकडे सुटलेली. सुप्रिया डोंबिवलीत गणित शिकवायची, इथे हेल्मंडला घरी बसून होती. तिला काकांनी विकेटकीपर केलं, कारण तिच्या नजरेतून काही सुटत नाही असं त्यांचं मत पडलं. शिवाय फ्लूरसारख्या दोन-तीन डच मुली आल्या, हॉकी खेळून कंटाळलेल्या. मैदान म्हणजे दोन फुटबॉल मैदानांच्या मधला पट्टा, त्यात सिमेंटवर अंथरलेली हिरवी मॅट. क्षेत्ररक्षण करताना पाठीमागे गोलपोस्ट. काकांना त्याचं फार कौतुक. माझं सगळं आयुष्य एकाच कुंपणात आणून ठेवलंय, असं म्हणायचे.

त्यांच्या काही गोष्टी आम्हाला पचायला वेळ लागला. चहाच्या सुट्टीत खाण्याच्या रांगेत अकराव्या नंबरची खेळाडू पहिली आणि कॅप्टन शेवटी, हा नियम. आमच्याकडे वडीलधाऱ्यांना आधी वाढायचं, त्यामुळे पहिल्या दिवशी आम्ही भरलेली ताटली त्यांच्याच हातात दिली. त्यांनी ती जशीच्या तशी आमच्या अकरावीला, म्हणजे फ्लूरला, नेऊन दिली. मग आम्ही शक्कल लढवली आणि त्यांच्यासाठी डबा वेगळा ठेवायला लागलो. तो ते निमूटपणे समोरच्या टीमच्या कॅप्टनला देऊन टाकायचे. आमच्या कोथिंबिरीच्या वड्या ब्राबांटभर पसरल्या त्या अशा.

दोन वर्षांनी त्यांनी मला कॅप्टन केलं. पहिल्याच मॅचच्या आधी शुक्रवारी सरावानंतर मी कँटीनमध्ये बसून टीमची नावं व्हॉट्सॲपवर टाकायला घेतली. सुप्रियाचं बोट दुखत होतं, तिला वगळावं लागणार होतं. मी तिच्यासाठी खाली दोन ओळी लिहिल्या, हात जोडलेली चित्रं टाकली, आणि बोट खाली नेणार तेवढ्यात काकांनी फोनवर पंजा ठेवला. "वगळायचं असेल तर पायानं जायचं," ते म्हणाले, "बोटानं नाही." मी म्हटलं, काका, ती हेल्मंडला राहते, आणि वारा समोरून आहे. त्यांनी खिडकीतून झाडांकडे बघून मान डोलावली. वारा खरंच समोरून होता.

मी गेले. सुप्रियाच्या सासूबाई नुकत्याच डोंबिवलीहून आल्या होत्या. मला दारात बघून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी आधी पाणी दिलं, मग शिरा केला, मग थांबच म्हणून वरण-भाताचा कुकर लावला. सुनेची कॅप्टन घरी आली म्हणजे सुनेचा मोठाच मान, अशी त्यांची समजूत. सुप्रियाला काहीच माहीत नव्हतं; ती रविवारी कोणत्या ग्लोव्ह्जनी खेळणार ते उत्साहानं सांगत होती. शिरा खाऊन झाल्यावर आता हिला कसं वगळायचं? मी पोटभर जेवले, सासूबाईंना नमस्कार केला आणि काही न सांगता घरी परत आले.

सकाळी मी हे काकांना फोनवर सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "शिरा म्हणजे काय?" मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, वाईट वाटत नाही ऐकायला. आता परत जा. या वेळी बेल वाजवायची, दारातच उभं राहायचं आणि पहिल्या वाक्यात सांगायचं. कारण एकच द्यायचं, आणि ते खरं असलं पाहिजे. चहा समोरच्यानं विचारला तरच, तोही सांगून झाल्यावर. हवामानाबद्दल बोलायचं असेल तर तेही सांगून झाल्यावर. आणि वगळलेल्या खेळाडूनं घरी बसायचं नाही. रविवारी पांढरे कपडे घालून यायचं आणि ड्रिंक्सच्या वेळी मैदानात पाणी न्यायचं. मी पुन्हा हेल्मंडला गेले. सुप्रिया रडली, मीही रडले, सासूबाईंनी आम्हा दोघींकडे बघून देवापुढे दिवा लावला. रविवारी सुप्रिया पाणी घेऊन आली.

ही पद्धत त्यांनी का धरली ते मला पुढे एकदा समजलं. त्यांच्या फुटबॉल क्लबाचा चषकातला मोठा सामना होता. त्यांचे वडील गिरणीतल्या मित्रांना घेऊन बस करून मुलाचा खेळ बघायला आले होते, कोटावर क्लबाच्या रंगाची फीत लावून. काका ड्रेसिंग रूमपाशी पोचले तर बोर्डावर टाचणीनं लावलेल्या कागदात त्यांचं नाव नव्हतं. मॅनेजर समोरूनच गेला आणि नुसता शिट्टी वाजवत पुढे निघाला. मैदानावर आपला मुलगा नाही हे वडिलांना टीम बाहेर आल्यावर कळलं, सगळ्या मित्रांच्या देखत. "बाबांनी ती फीत काढून खिशात घातली," काका म्हणाले. "ते मी स्टँडमधून बघितलं."

काउंटीनं त्यांना कॅप्टनपद देऊ केलं तेव्हा अट ही होती की मार्चपासूनच ते पूर्णपणे क्रिकेटचे. फुटबॉल क्लब तेवढ्या लवकर सोडायला तयार नव्हता, त्यामुळे एक काहीतरी निवडणं भाग होतं. त्यांनी क्रिकेट निवडलं. पण ते कळवायला पत्र पाठवलं नाही. ते त्याच मॅनेजरच्या घरी चालत गेले, बेल वाजवली आणि दारात उभं राहून सांगितलं. "त्यानं मला बोर्डावरून काढलं होतं. मी त्याला त्याच्या दारात जाऊन सोडलं." हे सांगताना एरवी सैल बसणारे काका ताठ होऊन बसायचे. आयुष्यात किती धावा केल्या, किती फॉरवर्डांना अडवलं ते त्यांना धड आठवत नसे, पण ही एक गोष्ट त्यांनी मिरवली, आणि मला विचाराल तर ती मिरवण्यासारखी होतीच.

कॅप्टन असताना त्यांनी अजिंक्यपदाच्या सामन्यातून आपल्या जिवलग मित्राला वगळलं. हा मित्र त्यांच्या लग्नात त्यांच्या शेजारी उभा होता. काका गाडी चालवत त्याच्या घरी गेले, फाटकातच सांगितलं, आणि त्यानं फाटक लावून घेतलं. कित्येक वर्षं तो बोलला नाही. मग एका उन्हाळ्यात तो न्यूनेनला येऊन दारात उभा राहिला. काका त्याचे शब्द जपून सांगायचे: "तू दारात आलास म्हणून मला तुझ्यावर रागावता आलं. बोर्डावर वाचलं असतं तर मी कुणावर रागावलो असतो, टाचणीवर?" त्यानंतर दोघं दर वर्षी एकमेकांकडे जात राहिले, तो मित्र जिवंत असेपर्यंत.

आता त्या उन्हाळ्याबद्दल सांगते. लीगमधल्या आमच्या गटात थोड्याच टीम उरल्या होत्या आणि पुढच्या वर्षी तो बंदच होणार होता. पहिली येणारी टीम वरच्या गटात जाणार, बाकीच्यांनी काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. शेवटच्या रविवारी आमची आणि पहिल्या नंबरवरच्या टीमची गाठ होती, आमच्याच मैदानावर. जिंकलो तर आम्ही खेळत राहणार, हरलो तर टीम मोडल्यातच जमा. बाहेरच्या माणसाला यात काय एवढं असं वाटेल. पण ही टीम म्हणजे आमच्यातल्या कित्येकींची इथली पहिली गोष्ट होती जिच्यात नवऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. मी डेकेअरमध्ये नोकरीला लागले ती डच भाषासुद्धा अर्धी याच मैदानावर शिकले.

आमच्या घरच्या मॅचला अंपायर नेहमी काका. त्यांच्याबद्दल कुणाची कधी तक्रार नसायची, समोरच्या टीमचीही नाही. पण त्या मोसमात काहीतरी बिघडत चाललं होतं. सात चेंडूंची ओव्हर झाली, ते सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. लेगच्या बाहेर पडलेल्या चेंडूवर एकीला पायचीत दिलं, तिनं नाक मुरडलं आणि गेली. मग शेवटून दुसऱ्या मॅचमध्ये फ्लूरनं एक चेंडू सरळ मारला. तो काकांच्या कानाच्या अगदी जवळून सणसणत गेला आणि ते जागचे हलले नाहीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारा अजून निधडा आहे म्हणून प्रसादनं सीमेवरून शिट्टी मारली. मी दुसऱ्या टोकाला उभी होते, त्यांच्यापासून दोन हातांवर. मी त्यांचा चेहरा पाहिला होता. चेंडू येऊन गेल्यावर, आवाज ऐकून, त्यांनी डोळे मिटले होते.

मी टीममध्ये विषय काढला. सगळ्यांनाच थोडं थोडं कळलेलं होतं. कुणी म्हणालं, एकच तर मॅच राहिली आहे, उभे राहू देत. कुणी म्हणालं, काहीतरी निमित्त सांगू, दुसरा अंपायर लीगकडूनच येणार आहे म्हणून. आणि कुणीतरी म्हणालं, "बिचारे." तो शब्द ऐकून मला चीड आली. काउंटीचं नेतृत्व केलेल्या, पगार घेऊन सेंटर फॉरवर्डांना अडवलेल्या माणसाबद्दल आम्ही बिचारे म्हणत होतो, आणि ते त्यांना न कळता. पुढच्या खेपेला चेंडू कानाच्या बाजूनं गेला नसता तर? आणि आम्ही त्यांच्या चुकीच्या निकालावर जिंकलो असतो तर त्या जिंकण्याचं काय करायचं होतं? शुक्रवारी कामावरून आल्यावर मी सायकल काढली. रेवानं विचारलं, "ममा, हू इज ड्रॉप्ड?" मी दार ओढून घेतलं आणि निघाले.

न्यूनेनपर्यंतचा रस्ता मला पाठ आहे, पण त्या दिवशी तो लवकर संपला. त्यांच्या बागेत हायड्रेंजियाच्या फुलांचे गेंद तपकिरी व्हायला लागले होते. मी बेल वाजवली. दार काकांनीच उघडलं. त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या थोडंसं डावीकडे, पाहिलं. इतके दिवस मला वाटायचं ही त्यांची बघण्याची लकब आहे.

"आज वारा फार आहे," मी म्हटलं.

"आज शुक्रवार आहे," ते म्हणाले. "हवामान नंतर."

मी हँडल घट्ट धरलं. म्हटलं, "काका, रविवारी तुम्ही अंपायर नसणार."

"कारण?"

"तुम्हाला चेंडू दिसत नाही."

त्यांचा हात दाराच्या चौकटीवर होता, तो त्यांनी खाली घेतला. मला रडू येत होतं, पण पहिल्यांदा रडायचा हक्क वगळलेल्याचा, हे त्यांनीच शिकवलं होतं. मग त्यांनी विचारलं, कुणी सांगितलं. मी म्हटलं, कुणी नाही, मी दोन हातांवर उभी होते, मी पाहिलं. त्यांनी हळूहळू मान हलवली, आणि त्या दोनदा मोडलेल्या नाकाखाली हसू आलं.

"वाईट नाही," ते म्हणाले. मग मान वळवून आत हाक मारली, "रीट, कॅप्टन आली आहे. चहा ठेव."

त्यांनी मला कॅप्टन म्हटलं ते तेव्हा पहिल्यांदा. एरवी मी वृंदाच. आज मी कुठेही असले, कुणीही मला काहीही म्हणालं, तरी त्या एका हाकेनं जो अभिमान वाटला तसा पुन्हा वाटायचा नाही.

काकूंनी चहा आणला. डच घरात बिस्किटांचा डबा पुढे करतात, तुम्ही एक घेता आणि झाकण लागतं, हे इथे राहणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी काकूंनी डबा उघडाच ठेवला. काका कपाटातून काहीतरी शोधायला उठले तेव्हा त्या हळूच मला डचमध्ये म्हणाल्या, डॉक्टरांनी वसंतातच सांगितलं होतं, दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेलाय, कडेकडेचं दिसतं तेवढंच. मी विचारलं, मग त्यांनी आम्हाला का नाही सांगितलं? काकू म्हणाल्या, "तो म्हणायचा, खेळाडू स्वतःला वगळत नाही, ते कॅप्टनचं काम. प्रत्येक शुक्रवारी तो या खिडकीत बसायचा. मला भीती होती तुम्ही फोनवर कळवाल."

रविवारी पुरुषांच्या टीममधला एक अनुभवी डच गृहस्थ अंपायर म्हणून उभा राहिला. आम्ही आधी बॅटिंग केली, बेताच्या धावा झाल्या. काका सीमेपाशी खुर्चीत, पांढरी पँट, पांढरा शर्ट, डोक्यावर काउंटीची विटलेली टोपी. ती टोपी आम्ही कुणी कधी पाहिली नव्हती. शुक्रवारी ते कपाटात तीच शोधत होते. शेजारी रीटकाकू त्यांना खेळ सांगत होत्या. इतकी वर्षं क्रिकेटपटूशी संसार करून काकूंना क्रिकेट ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे त्यांचं वर्णन म्हणजे कोण धावतंय, कोण वाकलंय आणि कुणाला ऊन लागतंय एवढंच. काकांना तेवढं पुरत होतं.

समोरच्या टीमच्या निम्म्या ओव्हर झाल्या आणि ड्रिंक्सची वेळ आली. मी वळून पाहिलं तर काका उठले होते. हातात बाटल्यांचा क्रेट, एका बाजूला कललेली ती चाल, गवतावर पाऊल जपून टाकत ते मैदानात येत होते. फ्लूर मदतीला धावली. त्यांनी तिला हातानंच थांबवलं. समोरच्या कॅप्टनला ते कोण ते माहीत होतं. तिनं बॅट काखेत धरली आणि डोक्यावरचं हेल्मेट काढलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळे नुसते उभे होते. त्यांनी आधी आमच्या अकरावीला बाटली दिली, मग रांगेनं सगळ्यांना, मला शेवटी. मी विचारलं, काका, बोलिंग कुणाला देऊ? "बारावा गडी सल्ला देत नाही," ते म्हणाले, आणि क्रेट उचलून परत निघाले. मी त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघत राहिले. काउंटीचा कॅप्टन आमच्यासाठी पाणी वाहत होता, आणि एका पावलातही कमीपणा नव्हता.

आम्ही थोडक्यात जिंकलो. शेवटची विकेट सुप्रियानं घेतली, बॅटची हलकीशी कड लागून आलेला झेल. आवाज इतका बारीक होता की मला तो ऐकू आला नाही. अंपायरनं ऐकला आणि बोट वर केलं. बाद झालेली मुलगी मान हलवून हसली, म्हणजे कड होतीच. काकूंनी काकांना सांगितलं, सगळ्या एकमेकींना मिठ्या मारताहेत. ते म्हणाले, मग झालं असेल काहीतरी बरं.

पुढचा उन्हाळा आम्ही वरच्या गटात खेळलो, आणि दर घरच्या मॅचला पाण्याचा क्रेट त्यांचा. शुक्रवारी कुणाला वगळलं की मी सांगायची, रविवारी पाणी न्यायला तुला जोडीदार आहे. काही जणींना तर त्यामुळे वगळलं जाण्याची भीतीच उरली नाही, म्हणून काका माझ्यावर चिडले. सुप्रियाच्या सासूबाई पुन्हा आल्या तेव्हा काकांसाठी शिरा घेऊन मैदानावर आल्या. त्यांनी तो स्वतः खाल्ला, कुणालाही दिला नाही.

या फेब्रुवारीत एका शुक्रवारी संध्याकाळी आमच्या दाराची बेल वाजली. प्रसादनं आणि मी एकमेकांकडे बघितलं. कुरिअर असेल म्हणून मी दार उघडलं तर रीटकाकू उभ्या होत्या, सायकल धरून, पांढरे केस वाऱ्यानं विस्कटलेले. न्यूनेनपासून त्या सायकल मारत आल्या होत्या, त्या वयात, त्या थंडीत.

"काकू, आत या आधी," मी म्हटलं, "केवढा वारा आहे."

त्यांनी हातमोजा घातलेला हात वर केला. "हवामान नंतर," त्या म्हणाल्या. "डेनिस गेला. आज पहाटे. झोपेत हृदय थांबलं."

त्या दारातच उभ्या होत्या. पहिलं वाक्य, एकच कारण, तेही खरं. मी रडले, त्या रडल्या नाहीत. मग त्या म्हणाल्या, त्यानं मला बजावून ठेवलं होतं, वृंदाला फोन करायचा नाही. मी त्यांना आत घेतलं, प्रसादनं चहा केला, रेवानं बिस्किटांचा डबा आणून त्यांच्यापुढे उघडा ठेवला. काकूंनी दोन्ही हात कपाभोवती धरले आणि विचारलं, बाकीच्यांना कोण कळवणार? प्रसाद म्हणाला, ग्रुपवर टाकू का. काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

मी जाकीट चढवलं, टोपी घातली आणि सायकल बाहेर काढली. आधी सर्वांत लांबचं घर घ्यायचं ठरवलं, म्हणून हेल्मंडला गेले. वारा समोरून होता. सुप्रियानं दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, मागे उभ्या सायकलकडे पाहिलं. आतून तिच्या मुलीनं ओरडून विचारलं, ममा, आता कुठे मॅच आहे? सुप्रियाचा हात तोंडावर गेला. मी दारातच उभी राहिले आणि पहिल्या वाक्यात तिला सांगितलं.